चिल्डेरिकचे केस

“चाळीस वर्सं या मंडळाचा राजा मी हाय! डायलॉक माजे झोपंतपन पाठ असतात,” कान्हाकाका नाट्यमंडळाच्या मिटिंगमध्ये छाती काढून बोलला. “विचारा याला, या... या...”

बोट बाजूच्या खुर्चीवर होतं. खुर्चीत त्याचा सख्खा पुतण्या बसला होता. नाव काय आठवेना.

कोणी हसलं नाही. बेलापूरच्या खाडीकडचं आमचं गाव मयतावरपण हसतं, म्हणजे मामला सिरियस होता. मागच्या जत्रेत काकाने रावणाच्या ड्रेसमध्ये हरिश्चंद्राचे डायलॉग मारले होते. रावणानेच सत्यासाठी राज्य सोडलं म्हटल्यावर रामाला काय कामच उरलं नाही.

काका मंडळाचा अध्यक्ष, पण नावाचा. स्टेज, लाइट, परमिशन सगळं पुतण्या रूपेश बघायचा. ‘काका, बस करा आता’ बोलायची हिंमत मात्र त्याच्यातपण नव्हती. मग त्याच्या पोरीने, मनस्वीने, एक राजा शोधला. ती वाशीला कॉलेजात इतिहास शिकते.

“पप्पा, हा चिल्डेरिक. आत्ताच्या फ्रान्सकडच्या फ्रँक लोकांचा राजा, पावणेतेराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या घराण्यात लांब केस म्हणजे राजा. केस गेले की गादी गेली. कारभार सगळा पेपिन बघायचा, त्याचा कारभारी. राजाने बैलगाडीतून यायचं, खुर्चीत बसायचं, शिकवलेलं तेवढं बोलायचं.”

“किती बोलायचं?”

“तो काय बोलला ते कुठे लिहिलेलंच नाय.”

“मग हाच,” रूपेश बोलला.

काकाच्या हातात नाटक पडलं. त्याने पानं उलटली, परत उलटली. तीन डायलॉग.

“बाकीची पानां कुठं हायेत?”

“राजा जास्त बोलत नाय, काका. वजन असतं.”

“शेवटी काय व्हतं त्याचं?”

“कारभारी पोपला विचारतो, नावाचा राजा खरा का काम करणारा? पोप बोलतो, काम करणारा. मग राजाचे केस कापून त्याला मठात टाकतात.”

“कारभारी कोन?”

रूपेश खाली बघत बोलला, “मी.”

काका बराच वेळ पानं सरळ करत बसला. मग बोलला, “वीग आनू नको. डायलॉक नाय देत, नको देऊ. केस माजे खरे घे.”

वर्षभर त्याने डोक्याला कात्री लावली नाही. केस खांद्यावर आले. रोज आरशासमोर तीन डायलॉग चालायचे, रोज वेगळे.

जत्रेची संध्याकाळ आली. आमच्या गावात आता बैल उरलेत ते फक्त शर्यतीचे. राजा गाडीत बसला, आणि पब्लिकमधून कुठल्यातरी शहाण्याने “भिर्रर्र!” केलं. फ्रँकांच्या राजाने मैदानाला दोन राउंड मारले. स्टेजवर पोचला तेव्हा मुकुट नव्हता आणि चप्पल एकच होती.

पहिला डायलॉग बरोबर आला. दुसरापण आला. तिसऱ्याला काकाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याची नजर पेपिनला शोधत होती. रूपेश वाकला, कानात बोलला, “मी राजा आहे.”

“मी राजा आहे,” काका बोलला. पब्लिकला वाटलं, काय ॲक्टिंग!

मग रूपेशने केस कापायचं मशीन लावलं. अर्धं डोकं झालं, तेवढ्यात पहिल्या लाइनीतून काकाची आई शेवंताबाई उठली. वय एक्क्याण्णव, नजर अधू. आमच्यात पोराच्या डोक्यावरचे केस उतरवतात ते बाप नायतर आई गेल्यावर. बाप जाऊन तीस वर्षं झाली होती. म्हातारीने बरोबर हिशोब लावला.

“अरे, मी जिती हाय!” ती ओरडली. “कोनी सांगितला मी मेली? केस कशाला काढताव?”

मैदान हसून लोळलं. रूपेशने मशीन बंद केलं. काका मात्र हसला नाही. खुर्चीतूनच, कोणी न शिकवता, बोलला, “आये, बस खाली. तू नाय मेलीस. राजा मेला.”

म्हातारी खाली बसली.

“काप रे, रूपेश,” काका बोलला.

नाव त्याला बरोबर आठवलं. रूपेश रडत रडत मशीन फिरवत राहिला. नंतर गावच्या न्हाव्याने वस्तऱ्याने डोकं गुळगुळीत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिता पिता शेवंताबाई गेली.

संध्याकाळी अग्नी द्यायच्या आधी केस काढायला सगळे खाडीवर जमले. थोरला म्हणून कान्हाकाका पहिला पाटावर बसला. न्हाव्याने डोकं ओलं केलं, दोनदा वस्तरा फिरवला आणि सांगितलं, काढायला केस नाहीत.