तपासलेलं पाणी

"हे लाल ठिपके कसले गं?" बाटलीवालीने शेजारच्या मॅडमला कोपराने ढोसलं.

समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचं चित्र पडलं होतं. मोठे साहेब परक्या भाषेत पाहुण्यांना समजावत होते. चित्रातला नळ तिच्या वस्तीतला होता, आणि मागे दोरीवर तिचीच चादर वाळत होती. नळावर सगळ्यांत मोठा लाल ठिपका.

"काकू, हळू. लाल म्हणजे खराब. जंतू आहेत."

"कधी कळलं?"

मॅडम, प्रयोगशाळेतली तरणी पोर, खाली बघत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात."

बाटलीवालीने हातातला चहा खुर्चीखाली ठेवून दिला.

प्रयोगशाळेतल्या या लोकांनीच तिला कामाला ठेवलं होतं. नळाचं आणि घराघरातल्या भांड्यांतलं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीतून इथे पोचवायचं. म्हणून ती बाटलीवाली. सुरुवातीला बायका थट्टा करत. "आमचं पाणी विकून बंगला बांधतेस का गं?" तीही कमी नव्हती. "तपासायला नेते. तुझ्या नवऱ्यालाही नेईन एकदा, बघू काय निघतंय."

मग त्या नळाला नावच पडलं, तपासलेलं पाणी. पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही तिथे रांग लावू लागल्या. तपासलेलं म्हणजे चांगलं, यात विचारायचं काय? लोकांनी उकळणं सोडलं. सुनेला तर तिनेच सांगितलं होतं, "कशाला गॅस जाळतेस? तपासलेलं आहे." पावसाळ्यात नात जुलाबाने गेली. तेव्हापासून सून घरात वावरायची, कामं करायची, पण सासूशी एक शब्द बोलायची नाही.

बाटलीवाली उभी राहिली.

"या काकूंनीच आपल्याला नमुने आणून दिले," साहेब हसून म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या राहू द्या. उन्हाळ्यात कळलं होतं, तर आम्हाला का नाही सांगितलं?"

"म्हणून तर आजचा कार्यक्रम आहे, काकू. माहिती सगळ्यांपर्यंत जावी म्हणून."

"सगळे म्हणजे कोण? आमच्या वस्तीतलं एक माणूस दाखवा इथे."

"आधी संशोधनाच्या मासिकात छापून यावं लागतं. तोवर बाहेर सांगता येत नाही."

"बाहेर? पाणी आमच्या भांड्यातलं, पोटं आमच्या पोरांची, आणि बाहेरचे आम्ही?"

"तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू द्या बाजूला. का नाही सांगितलं, ते सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांना जेवणाची खोली दाखवली.

मॅडम तिच्यामागे दारापर्यंत धावत आली. "काकू, मी सांगणार होते. पण माझी नोकरी गेली असती."

"माझी नात गेली," बाटलीवाली म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

वस्तीत पोचली तेव्हा नळावर रांग होती. तिने पुढे जाऊन नळ बंद केला.

"हे पाणी खराब आहे. उकळल्याशिवाय पिऊ नका."

"असं कसं? तपासलेलं ना?"

"तपासलेलंच. तपासून खराब निघालंय. त्यांना उन्हाळ्यात कळलं, मला आज."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग एवढे दिवस बाटल्या कुणासाठी भरत होतीस?"

"त्यांच्यासाठी," ती म्हणाली.

एकीने बादलीतलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि रिकामी बादली घेऊन निघून गेली. बाटलीवाली हलली नाही.

रांगेतून सून पुढे आली. सासूचा हात नळावरून बाजूला करून तिने नळ सोडला आणि आपली बादली काठोकाठ भरली.

"मोठं पातेलं माळ्यावर आहे," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही. काढून द्या."

पूर्वी तिचं प्रत्येक वाक्य 'आई'ने सुरू व्हायचं. या वाक्यात ते नव्हतं. बाटलीवालीने बादलीची कडी एका बाजूने धरली, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.