दुसऱ्या भागातली थापड

पडद्यावर नायकाने नायिकेला थापड मारली आणि चंद्रपूरच्या त्या थंडगार थिएटरात शिट्ट्या वाजल्या. रंभाला वाटलं, आपल्याच पाहण्यात काही चूक झाली. पण नायिकेने गाल धरला, "चूक माझीच होती," म्हणत नायकाच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि लगेच गाणं सुरू झालं.

शेजारी बसलेली तिची मुलगी दिव्यानी हलली नाही. पलीकडे प्रवीण होता, दिव्यानीचा होणारा नवरा. तो टाळी वाजवून म्हणाला, "बराबर. पहिल्याच भागात द्याले पाह्यजे होती."

रंभाने पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

रंभा पोंभुर्ण्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. याच पिक्चरचा पहिला भाग तिने मूल गावात, सासरी असताना पाहिला होता, तेव्हा दिव्यानी रांगत होती. नवरा लटारू गावाला गेला होता, म्हणून शेजारची कनीज तिला ओढून घेऊन गेली. कनीज कपडे शिवायची. लटारू रंभाला मारायचा तेव्हा भिंतीपलीकडे कनीजची मशीन थांबायची.

त्या भागातही हीच नायिका होती, कोवळी, बारीकशी. नवरा हात उचलतो तेव्हा ती ओरडत नाही. चुलीवरची भाजी उतरवते, चुलीत पाणी ओतते आणि बापाच्या गावी निघून जाते. तो मागोमाग येतो, तिच्या बापाच्या शेतात राबतो, पण ती स्वतः बोलावेपर्यंत उंबरा ओलांडत नाही. थिएटरात बाया रडत होत्या. शिट्टी एकही नव्हती.

परतताना रंभाने कनीजला विचारलं होतं, "असं चालते का वं?"

"कसं?"

"हात उचलला म्हनून निंगून जानं."

कनीज म्हणाली, "चालते. माह्या मायची खोली रिकामी हाये पोंभुर्ण्याले."

महिन्याभरात रंभा दिव्यानीला कडेवर घेऊन त्या खोलीत आली होती. पुढे तो पिक्चर टीव्हीवर लागला की मायलेकी हातातलं काम टाकून बसायच्या. म्हणूनच दुसरा भाग आल्याचं कळताच प्रवीणने हौसेने गाडी काढली होती. "मावशीले घेऊनच जाऊ," म्हणाला. त्याला पसंत केलं होतं रंभानेच. खाणीत नोकरी, व्यसन नाही, मोठ्यांसमोर आवाज खाली.

बाहेर दुपारचं ऊन होतं. प्रवीणने टपरीवर समोसे घेतले.

"कसा वाटला, मावशी? पहिल्यापेक्षा भारी हाये ना? त्याच्यात तं हिरो नुसता माती उकरून राह्यला होता."

रंभाला समोशाच्या तेलाचा वास सहन होईना. "त्याच बाईले पाया पडाले लावलं," ती म्हणाली. "तिलेच. दुसरी तरी घ्याची."

"तो जुना जमाना होता, मावशी. आता पब्लिकले असंच पाह्यजे."

दिव्यानीने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी मले माराल?"

प्रवीण हसला. समोसा चटणीत बुडवला. "तू तशी वागशीनच काऊन? वागली, तं मंग पाहू."

तो रागाने बोलला नव्हता. जेवायला काय आहे विचारावं तितक्या सहज बोलला. रंभाला त्याच्या बोटांवरच्या हिरव्या चटणीची शिसारी आली. लटारू निदान दारू पिऊन तरी यायचा.

"तुमी जा," दिव्यानी म्हणाली. "आमी बसनं जातो."

"काऊन? गाडी हाये ना."

"मले हे लगन नाई करायचं."

प्रवीणला आधी ती थट्टा वाटली. मग तो रंभाकडे वळला. "मावशी, समजवा तिले. पिच्चरसाठी कोनी लगन मोडते का?"

उद्यापासून सगळे हेच विचारणार होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पार मार्कंडा गावच्या पाहुण्यांपर्यंत आवतण पोचलं होतं. रंभाने दिव्यानीकडे पाहिलं. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण ती मागे सरत नव्हती.

"पिच्चरसाठी नाई, बापू," रंभा म्हणाली. "तुमी आता समोसा खात खात जे बोलले ना, त्याच्यासाठी."

प्रवीणचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमीच शिकवलं हे. नवरा सोडलेली बाई दुसरं काय शिकवन पोरीले?"

टपरीवरचे लोक वळून पाहू लागले. रंभाच्या ओठांवर लटारूलाही कधी न दिलेली शिवी आली. ती तिने गिळली. जमिनीवर थुंकून तोंड पुसलं आणि दिव्यानीचा हात धरून स्टँडकडे चालू लागली.

बस भरलेली होती. एकच जागा मिळाली, तीही दाराजवळची. तिथे तिने दिव्यानीला बसवलं.

"आई, तू बस ना. तुह्ये गुडघे."

"राहू दे. मले मळमळून राह्यलं. उभं राह्यलेलंच बरं."

शहर मागे पडलं, सागाचं जंगल लागलं, आणि तिथे दिव्यानीला रडू आलं. आवाज न करता, मान खाली घालून. समोरच्या सीटवरची माणसं वाकून पाहू लागली. रंभा वळली, दोन्ही हातांनी वरची दांडी धरून लेकीच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. बस खड्ड्यांतून आदळत होती. पोंभुर्णा येईपर्यंत ती तिथून हलली नाही. लोकांना फक्त तिची पाठ दिसत होती.