पाच स्प्रिंगांची फळी

मी फळी बोलतेय. जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी घोड्यावरून उडी घेण्याआधी मुली धावत येऊन जिच्यावर दोन्ही पाय आपटतात, ती तिरकी फळी. इथले लोक मला लाडानं 'साकव' म्हणतात. त्या लाडावर जाऊ नका. पलीकडे पोचलं की साकवाची आठवण कोणाला राहते? आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर विश्वास नाही. रोज दोनशे लाथा खाल्ल्या असत्या तर तुमचाही राहिला नसता.

बर्चच्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, वाफेवर वाकवून मला घडवलं. वर खरखरीत गालिचा ठोकला. पोटात आठ पोलादी स्प्रिंगा बसवल्या, त्याही काढता-घालता येतील अशा. कारण साधं आहे. हलक्या मुलीला आठ स्प्रिंगा दगडासारख्या लागतात, आणि जड मुलीला पाच पुरत नाहीत. वजन बघून स्प्रिंगा ठरवायच्या. घडवणारा शहाणा होता. त्याला वाटलं, वजन तरी लोक खरं सांगतील.

बार्सिलोना ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी मी बेलारूसमधल्या पोलत्स्कच्या क्रीडाशाळेत आले. भिंतीवर फोटो होते. ग्रोदनोची ओल्गा कोर्बुत, केसांना फिती बांधलेली, म्युनिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेणारी. तिच्या शेजारी मिन्स्कचा विताली शेर्बो, एकाच ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णं. त्या दुसऱ्या फोटोच्या कडेला कोणाचं तरी कोपर दिसतं. आमचे प्रशिक्षक रमुआल्द इग्नातविच सांगतात की ते कोपर त्यांचं आहे. गेली कित्येक वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कोपर दाखवतात. मी त्यांची दोन्ही कोपरं जवळून पाहिली आहेत. मला शंका आहे.

माणूस मला तळपायानं कळतो. वासिलीनाचा तळपाय मला पहिल्या दिवसापासून पटला. दहा वर्षांची होती, टाचा फुटलेल्या, पण पाय पडायचा तो नेमका मधोमध. घरी आणि हॉलमध्ये सगळे तिला लीना म्हणत. तिची आई हालीना काचतंतूंच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट हॉलमध्ये यायची, बाकावर बसून पोरीकडे एकटक बघत राहायची. इतरांच्या आया विणकाम तरी करायच्या.

तीन वर्षं बरी गेली. चौथ्या शरदात मिन्स्कला प्रजासत्ताकाच्या संघाची निवड लागली आणि हॉलमधली हवा बिघडली. इग्नातविच दाराच्या कड्या तपासू लागले. मुलींच्या पिशव्या हुंगू लागले. कोणाच्या रुमालात द्रानिकीचा, म्हणजे बटाट्याच्या धिरड्याचा, तुकडा सापडला की अख्ख्या हॉलसमोर तो वर धरायचे.

दर सोमवारी ते आपल्या खोलीत मुलींची वजनं करत. त्याची एक रीत होती. मुलीनं काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं. "पोरींनी आकडे बघायचे नसतात, डोकी बिघडतात," असं ते म्हणत. मग बाहेर येऊन पाटीवर प्रत्येक नावापुढे आकडा लिहीत. झेनोनकाका ती पाटी वाचून माझ्या पोटात स्प्रिंगा घालत. पस्तीस किलोच्या आत पाच. त्याच्या वर सात. काका हॉलचे राखणदार, सुतार, झाडूवाले, सगळंच. या रीतीवर तीस वर्षांत कोणी प्रश्न विचारला नव्हता.

लीनाच्या नावापुढे चौतीस होतं. उन्हाळ्याआधी चौतीस, उन्हाळ्यानंतर चौतीस, शरदातही चौतीस. दरम्यान पोरगी चार बोटं उंच झाली होती.

मला आधीच कळलं होतं. ती पाय आपटायची आणि माझं पोट जमिनीला टेकायचं. टेकलेली फळी कोणाला वर फेकत नाही. आणि मी आणखी एक गोष्ट ऐकली होती. हॉलमधला टेलिफोन माझ्या डोक्यावरच टांगलेला आहे. इग्नातविच मिन्स्कच्या कोणाला तरी सांगत होते, "चौतीस. हो, अर्जात लिहिलंय तेच. अंगानं पाखरू आहे पोरगी." फोन ठेवल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. फळीकडे कोण बघतं?

पहिल्या आठवड्यात लीनाची मांडी घोड्यावर आपटली. दुसऱ्या आठवड्यात मनगट मुरगळलं. निवड दहा दिवसांवर आली होती. इग्नातविचनी निदान केलं की पोरगी भित्री झाली. मग त्यांना वाटलं, घरी कोणीतरी चोरून खायला घालतंय. हालीनाला बोलावून त्यांनी शेजारणीपासून आजीपर्यंत सगळ्यांची चौकशी केली. आणि हालीनानं काय केलं? पोरीचं रात्रीचं जेवण बंद केलं. स्वतःच्या पोरीला एकदाही विचारलं नाही की तुला काय होतंय. वर म्हणाली, आमच्या घराण्यात भित्रं कोणी नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे लीनाला ते पटायला लागलं. धावायच्या आधी ती स्वतःच्या पायांकडे असं बघायची, जणू ते फितूर झालेत.

मग संशय झेनोनकाकांवर गेला. इग्नातविच म्हणाले की काकांनी नव्या स्प्रिंगा घरी नेल्या, बन्याच्या, म्हणजे त्यांच्या न्हाणीघराच्या, दाराला लावल्या आणि माझ्यात गंजकी लोखंडं घातली. सगळ्या मुलींसमोर काकांना कोटाचे खिसे उलटे करायला लावले. खिशांतून पावाचा एक कडक तुकडा आणि मासे पकडायचा गळ निघाला. मुली हसल्या. काकांनी खिसे परत आत सारले.

काकांची कीव करू नका. त्यांनी मला उलटी करून स्प्रिंगा दाखवल्या, तेव्हा त्यांचा हात माझ्या पोटावरच्या ताज्या ओरखड्यावर थांबला होता. जमिनीवरचा रंगही तिथे खरवडला होता. माणसाला तेवढ्यात सगळं कळलं. पण पेन्शनला दोन वर्षं होती. त्यांनी मला परत सुलटी केली.

हे सगळं लीना बघत होती. सगळे गेल्यावर ती गुडघ्यांवर बसली, जमिनीवरच्या खरवडलेल्या रंगावरून बोट फिरवलं आणि माझ्या पोटातल्या स्प्रिंगा मोजल्या. पाच. मग बूट न बांधताच बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. नावापुढचं चौतीस बाहीनं पुसलं आणि एकोणचाळीस लिहिलं. मोठं, ठसठशीत.

इग्नातविच आत आले, पाटीसमोर उभे राहिले.  बाकावर हालीना नुकतीच टेकली होती.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," लीना म्हणाली. "काल बाजारात बटाट्याच्या वखारीत गेले होते. गोण्यांच्या काट्यावर उभी राहिले."

"म्हणजे बटाटेवाल्या बाईवर विश्वास, आणि माझ्यावर नाही?"

"ती मला भिंतीकडे तोंड करायला सांगत नाही."

हालीना उठली. "लीना, मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठे असं वागतात?"

हालीना परत बसली. त्या घरात पोरीचं एवढं बोलणं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं गेलं असेल.

"काका," लीना म्हणाली, "सात घाला."

इग्नातविचनी काकांकडे न बघताच सांगितलं, "झेनोन, फळीला हात लागला तर उद्यापासून येऊ नकोस."

काकांनी पाटी पाहिली. पोरगी पाहिली. मग खाली बसले आणि माझ्या पोटात दोन स्प्रिंगा सरकवल्या.  एक स्प्रिंग खोबणीत बसेना, तर त्यांनी हळू आवाजात तिला शिवी हासडली. उशीर केलात काका, पण आलात.

लीना धावपट्टीच्या टोकाला गेली. पावलं ऐकू आली, लांब, मोकळी. मग तिचे दोन्ही पाय नेमके मधोमध पडले. मी दबले, पण टेकले नाही. आणि मी तिला फेकलं. माझ्या आयुष्यात मी कोणाला इतकं उंच फेकलं नव्हतं. हातांनी घोड्याला शिवून, हवेत पूर्ण वळून ती पलीकडे उतरली, पाय न हलवता. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे इग्नातविचकडे बघत होते.

त्यांचा चेहरा उजळला होता. मला क्षणभर वाटलं, आता माफी मागतील. वय झालेल्या माणसाकडून अशी अपेक्षा करणं हाच मूर्खपणा. ते तिच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले की हीच उडी मिन्स्कला. तिथे आपण गुपचूप सात घालू. अर्जात चौतीसच राहू दे, आणि आजपासून जेवणाऐवजी फक्त केफिर, ते आंबट ताक.

लीनानं त्यांचा हात खांद्यावरून उतरवला. मनगटाची पट्टी सोडली, गुंडाळली, खिशात टाकली.

"मिन्स्कला चौतीस किलोची मुलगी हवी आहे ना," ती म्हणाली. "मग तिलाच न्या."

ती गेली. हालीना तिच्या मागे धावली, दारात थांबली, परत येऊन इग्नातविचची क्षमा मागितली आणि मग गेली. या क्रमानं. मी पाहिलंय.

लीना पुन्हा आली नाही. तिनं शाळाही सोडली असं मुली सांगतात. कोणी म्हणतं वाया गेली. दुसऱ्या दिवसापासून झेनोनकाकाही आले नाहीत. आता स्प्रिंगा इग्नातविच स्वतः घालतात, हॉलच्या दाराला आतून कडी लावून.

माझा गालिचा कडेनं उसवलाय. एका कोपऱ्यातलं लाकूड सुटायला आलंय. पण अजून मी कामाची आहे. आता लीनाच्या जागी दमिनिका आहे, अकरा वर्षांची, तळपाय अजून मऊ. पाटीवर तिच्या नावापुढे एकोणतीस आहे. गेले आठ दिवस माझं पोट पुन्हा जमिनीला टेकतंय.

काल तिची आजी तिला न्यायला आली होती. दमिनिका घोड्यावर आपटली, कंबर धरून उठली. आजी बाकावरून ओरडली, "अगं, जोर लाव ना जरा."

आयांनो, आज्यांनो, प्रशिक्षकांनो, तुमच्यावर माझा विश्वास नाही. तरी एक मागणं मागते, कारण दुसरं कोणी नाही. पोरीला जोर लाव म्हणण्याआधी एकदा तुमचे गुडघे जमिनीला लागू द्या आणि माझ्या पोटातल्या स्प्रिंगा मोजा.