टोपलीखालची पिल्लं

माझ्या धाकट्या दिरांना सगळं गाव कासवभावजी म्हणतं. नाव मीच पाडलं, त्यामुळे आता म्हातारीकोतारीही त्यांना भावजीच म्हणतात.

कासवांची अंडी कुत्र्यांपासून वाचवायला भावजी ती कुंपणात पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. ते बघायला शहरातून पाहुणे येऊ लागले, म्हणून मी घरामागे दोन खोल्या काढल्या. त्या चालवायला माझी लेक शहरातली नोकरी सोडून परत आली. पाहुणे आहेत तोवर लेक आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोल्या ओस पडल्या तर ती बॅग भरणार आणि मी पुन्हा भिंतींशी बोलत बसणार.

पाहुणे आणतो सहलवाला. त्याच्या बसवर हिरव्या अक्षरांत ‘निसर्ग जपणारा प्रवास’ असं लिहिलंय. माणूस वाईट नाही. पण त्याच्या पत्रकात ‘सकाळी सात वाजता पिल्लं समुद्रात’ असं छापलेलं, आणि पिल्लांना कुठलं वाचता येतं? ती उजाडतानाच वर येतात. मग बस येईपर्यंत त्यांच्यावर टोपली पालथी घालायची, अशी आमची रीतच पडली होती. भावजी कुरकुरायचे, पण माझ्यापुढे कोणाचं चालतंय!

त्या दिवशी बस वाटेत बंद पडली. लेक फाट्यावर ताटकळत उभी. सहलवाल्याचा मला फोन आला, “काकू, दुपार होईल. पिल्लं टबात घालून ठेवा, वर ओलं फडकं टाका. दिसली नाहीत तर पुढच्या बस मला पलीकडच्या गावाला न्याव्या लागतील.”

मी टब उचलला आणि तरातरा किनारा गाठला.

खरं सांगते, चहा-नाश्त्याच्या धबडग्यात मी पिल्लं कधी बघितलीच नव्हती. भावजींनी टोपली उचलली. तळहातावर मावतील एवढीशी ती, टोपलीच्या कडेने एकमेकांच्या अंगावरून चढत गोल गोल फिरत होती. काही मान टाकून पडली होती.

“यांना काय झालं?”

“दमली. पोटात शिदोरी घेऊन जन्मतात वहिनी. तिच्यावर खोल पाण्यापर्यंत पोचायचं असतं. ती इथेच फिरून संपतेय.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं की. तुम्ही म्हणालात, भावजी, तुमचं आपलं काहीतरीच.”

मी म्हणाले होते खरी, त्यामुळे जास्तच चिडले.

“आता तुम्हीच बोला,” ते म्हणाले. “खोल्या तुमच्या, लेक तुमची. सांगाल तसं करतो.”

सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळे! मी पिल्लांकडे बघितलं. एक पडलेलं पाय हलवायला धडपडत होतं.

“सोडा,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता.”

पिल्लं पाण्याकडे निघाली. लाटा त्यांना मागे फेकत होत्या आणि ती पुन्हा तोंड वळवून पाण्याकडेच जात होती. मला तिथेच रडू कोसळलं. आता लेक जाणार, हेच डोक्यात होतं.

बस आली तेव्हा वाळूवर नुसते माग उरले होते. भावजींनी शांतपणे कारण सांगितलं. “एवढ्या लांब काय वाळू बघायला आलो?” कोणीतरी म्हणालं. एक आजी मात्र वाकून माग बघत राहिल्या. “आमच्यासाठी कोंडून ठेवत होतात? बरं केलंत, सोडलीत,” त्या म्हणाल्या. पण एका आजींनी काय बस थांबते? सगळे न जेवताच पलीकडच्या गावाला गेले.

लेक खोलीत गेली. कपाट वाजलं. बॅग काढली, मी मनात म्हटलं आणि दाराशी गेले. ती न वापरलेल्या चादरी घड्या करून आत ठेवत होती.

“रागावलीस?”

“रागावणार नाही तर काय! मला हाक का नाही मारलीस? आल्यापासून दर खेपेला मी फाट्यावर बसची वाट बघत उभी. एक पिल्लू पाण्यात जाताना बघितलं नाही मी.”

“अगं, आता पाहुणे नाही आले तर?”

“येतील. सगळ्यांना आधीच सांगायचं, वेळ पिल्लं ठरवणार. दिसली तर दिसली. थांबायची तयारी असेल त्यांनी यावं.”

“आणि कोणीच नाही आलं तर?”

ती कपाट लावून माझ्याकडे वळली.

“आई, काकांना सांग. पुढचं घरटं फुटलं की आधी मला उठवायचं.”