तेवीस किलो आणि आजीची आंबापोळी

मित्रांनो, मी जुना आहे, थोडा गंजलोय, स्प्रिंगही हल्ली कुरकुरते. पण मी कधी खोटं बोललो असेन तर दाखवा! मी एक ताणकाटा आहे. मला वर कडीला टांगायचं, खाली माझ्या हूकला पिशवी अडकवायची, की पंचवीस किलोपर्यंतचं वजन मी तोंडावर सांगतो. कोणाला राग येवो नाहीतर लोभ.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पितळी पट्टीवर आकडे ठोकताना कारागिराने जीभ दातांत धरली होती, एवढंच आठवतं. पुढे लखनौच्या बाजारातून मला भाऊरावांनी घरी आणलं. ते मूळचे वर्ध्याचे, इथे रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला आलेले. महानगर कॉलनीतल्या त्यांच्या घरी, व्हरांड्यातल्या कडीला माझी जागा ठरली.

काय ते उन्हाळे! जून लागला की भाऊराव चार मराठी घरांसाठी मलिहाबादहून टेम्पो भरून दशहरी आंबे आणायचे. "जयभीम, जयभीम" करत मंडळी जमायची आणि वाटे माझ्यासमोर पडायचे. त्यांतले राजारामकाका दरवर्षी म्हणायचे, "या काट्याचा आमच्यावर राग आहे." राग कसला डोंबलाचा! स्वतःच्या वाट्यातले आंबे चोखत चोखत ते पिशवी टांगायचे.

पहिल्या वर्षीची गंमत तर ऐकाच. भाऊरावांची बायको कांता तेव्हा लग्न होऊन नवीनच आली होती. टेम्पोवाला कौतुकाने म्हणाला, "पाल के हैं, बहनजी!" इकडे पाल म्हणजे आंबे पिकवायची अढी. पण कांताबाई किंचाळून दोन पावलं मागे सरकल्या. "पालीचे? ई! मी नाही हात लावायची!" त्यांच्या वाट्याचे आंबे दोन दिवस तसेच पडून राहिले. पुढे याच कांताबाई गच्चीत दशहरीच्या रसाची आंबापोळी घालण्यात इतक्या तरबेज झाल्या, की शेजारच्या बायका शिकायला येऊ लागल्या.

मग भाऊराव गेले. आंबे खोक्यात बंद होऊन, वजनाची चिठ्ठी लावूनच दारात येऊ लागले. मला कोण विचारणार? जिन्याखालच्या कपाटात सायकलच्या पंपाशेजारी मी किती वर्षं पडून होतो, ते तो पंपच जाणे. फार वाईट वाटायचं.

या जूनमध्ये मात्र अचानक बोलावणं आलं. कांताआजींची नात अनुष्का नोकरीसाठी नॉर्वेला निघाली होती. विमानात मोठी बॅग तेवीस किलोची, त्यावर एक तोळाही चालणार नाही, असं तिचे बाबा अनुप सारखं बजावत होते. त्यांनीच मला शोधून काढून कडीला टांगलं आणि बॅग अडकवली. बरोब्बर तेवीस!

तेवढ्यात आजी गुडघा धरत गच्चीवरून उतरल्या. हातात डबा होता. आठ दिवस उन्हात बसून, थरावर थर देऊन घातलेली आंबापोळी. दीड किलो.

"आजी, नहीं जाएगा," अनुष्का म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"एवढंसं तर आहे गं. लावून तर बघा."

डबा बॅगेत गेला. मित्रांनो, आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि जन्मात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. तेविसावरच अडकून बसावं. जुनाच तर आहे, कोणाला संशय येणार? पण विमानतळावर खरं बाहेर आलंच असतं. तिथे घाईघाईत बॅग उघडली असती आणि सगळ्यात आधी हा डबाच मागे राहिला असता. मी मुकाट्याने खाली उतरलो. साडेचोवीस.

आजींनी डबा बाहेर काढला आणि पदराने पुसत बसल्या. "राहू दे. आपण खाऊ इथे," म्हणाल्या.

अनुष्काने आजीकडे पाहिलं. मग बॅगेतून थंडीचा जाडजूड कोट ओढून काढला आणि सरळ अंगात चढवला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, अंग भाजणारी लू सुटलेली! गळ्यापर्यंत चेन ओढून आणि डबा बॅगेत ठेवून ती म्हणाली, "अब तौलो, पापा."

"अगं बाई, उकडून मरशील की!"

"चलेगा, आजी. आंबापोळी पहले."

मी खाली आलो, थोडा हललो आणि थांबलो. तेवीस! ताणकाट्याला नाचता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी नाचलो असतो. टॅक्सीवाल्याने तिला बघून विचारलं, "बिटिया को बुखार है क्या?"

संध्याकाळी विमानतळावरून फोन आला. "आजी, तेईस! एकदम तेईस! अब कोट उतार दूँ?" आजी हसता हसता रडल्या. मग तेलाची वाटी आणि फडकं घेऊन माझ्याजवळ आल्या. "बरं झालं बाबा, माझं तोंड बघून आकडा सांगितला नाहीस," असं म्हणत त्यांनी माझी पट्टी लखलखीत केली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला वर्षातून एकदा तेलाचं बोट लावा. आणि त्याने नको तो आकडा दाखवला तर त्याच्यावर चिडू नका. बॅगेत पुन्हा हात घालून बघा. अंगावर घालून न्यावं असं काहीतरी सापडतंच.