जोडपत्रातला कुत्रा

दत्तक घेण्याच्या फायलीत आमच्याबद्दल सगळं होतं. माझं रक्त, बायकोचं रक्त, पोलिसांचं म्हणणं (काही नाही), बँकेचं म्हणणं (फारसं नाही), लग्न खरंच झाल्याचा दाखला, त्या दाखल्याचं भाषांतर, आणि भाषांतर करणारा माणूस खरा आहे याचा दाखला. इतकी चौकशी लग्नाआधी माझ्या सासऱ्यांनीही केली नव्हती. सुरुवातीला प्रत्येक शिक्क्याला आम्ही बाहेर जेवायला जायचो. मग नुसता चहा. आता शिक्का बसला की बायको "हं" म्हणायची आणि मी कागदाला भोकं पाडून तो फायलीत लावायचो.

मुलगी परदेशातल्या अनाथालयात होती, पाच वर्षांची. तिला दाखवायला घराचे फोटो हवे होते.

"आणि तुम्हा दोघांचा एक, हसतानाचा," संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. "नैसर्गिक हसू. दात दिसले तर उत्तम."

हसूच येईना. प्रत्येक फोटोत आम्ही दाढदुखीच्या जाहिरातीतल्या 'आधी'सारखे दिसत होतो. शेवटी उजेड बरा म्हणून जिन्यात गेलो, मोबाईल कठड्यावर टेकवला. तेवढ्यात समोरच्या काकांचा कुत्रा येऊन आमच्या मध्ये बसला. काका निवृत्त कारकून. जन्मभर ज्यांच्यापुढे उभे राहिले त्यांचा हिशेब चुकता करायला त्यांनी कुत्र्याचं नाव साहेब ठेवलं होतं. "साहेब, खाली बसा" हे रोज जिन्यात ऐकू यायचं. साहेबांनी बायकोच्या कानात नाक खुपसलं आणि ती हसली. दातांसकट. तोच फोटो गेला.

महिन्याभराने तिकडून कळलं की मुलगी तो फोटो उशीखाली घेऊन झोपते. तिने तीन प्रश्न विचारले होते. तो काय खातो? चावतो का? माझ्याजवळ झोपेल का? माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण प्रश्न माझ्याबद्दल नव्हते.

मॅडमना वेगळीच काळजी. "गृहभेटीच्या अहवालात पाळीव प्राणी 'निरंक' आहे."

"कुत्रा शेजाऱ्यांचा आहे."

"मग फोटोत कसा?"

"स्वतःहून आला."

"तसं लेखी द्या. नाहीतर त्याला जोडपत्रात घ्या. लसीकरण, स्वभावाचा दाखला, मालकीचा पुरावा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण एक सांगते. तिथल्या न्यायाधीश मुलीला विचारणार आहेत, जायचंय का म्हणून. ती नाही म्हणाली तर फाईल तिथेच थांबते. कुत्र्याचं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

"ती कुत्र्याकडे येतेय," घरी बायको म्हणाली. गॅस संपलाय असं सांगावं तसं. "जा, मागून आण."

"कुत्रा म्हणजे काय साखर आहे?"

"अरे, ती नाही म्हणाली ना, तर मी पुन्हा पहिल्या पानापासून करणार नाही. संपलंय माझं."

मी गेलो.

"साहेबांची बदली?" काका म्हणाले.

"फक्त कागदोपत्री, काका."

"कागदोपत्री गेलेला माणूस परत येत नाही. जन्मभर तेच टाइप केलंय मी." दार लोटता लोटता ते थांबले. "आणि पोरगी आल्यावर कुत्रा पळत माझ्याकडे आला, तर काय सांगशील तिला? पहिल्याच दिवशी खोटा पडशील, गाढवा."

हे मी गाढव वगळून बायकोला सांगितलं. ती टेबलावर पडलेले भोकांचे गोल कपटे बोटाने गोळा करत बसली. मग म्हणाली, "लिही. कुत्रा आमचा नाही. समोर राहतो. भेटायचं असेल तर बेल वाजवावी लागते."

"एवढंच?"

"अजून काय आहे आपल्याकडे?"

ते तीन ओळींचं पत्र सही-शिक्क्यानिशी, भाषांतरासह रवाना झालं. त्यानंतर बायको कामावर जायची आणि परत यायची. मी विनोद करायचो आणि स्वतःच "हं" म्हणायचो.

मग मॅडमचा फोन आला. "मुलीचा एकच प्रश्न आहे. बेल किती उंचीवर आहे?"

"ती येणार आहे का?"

"ते न्यायाधीश विचारतील तेव्हा कळेल. आधी बेलचं कळवा. सेंटीमीटरमध्ये, साक्षीदाराच्या सहीने."

मी टेप घेऊन समोरच्या दाराशी गेलो, बेलची उंची मोजली, आकडा लिहिला. बायको मागून आली. तिने माझ्या हातातून टेप घेतला आणि वैद्यकीय अहवालातली मुलीची उंची भिंतीवर धरली. मुलीच्या डोक्याचा घेरसुद्धा आम्हाला पाठ होता, आवाज मात्र कधी ऐकला नव्हता. बायको गुडघ्यांवर बसली, डोकं त्या उंचीला येईपर्यंत खाली झाली, आणि तिथून तिने बेलकडे हात केला.

पोचेना.

आतून साहेब भुंकले. काकांनी दार उघडलं. "आता काय नवीन?"

बायकोने हात खाली घेतला नाही. "चार बोटं कमी पडतायत, काका," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "लिही. उचलून घेऊ म्हणावं." 'उचलून' हा शब्द नीट निघालाच नाही. तिने तो पुन्हा म्हटला.

मी लिहिलं. साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी कागद काकांपुढे धरला आणि ते चष्मा शोधायला आत गेले.