दुपारच्या झोपेचे फोटो

नलूला फोटोंचा नाद लागला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. तिची लेक पायल नर्सिंग शिकायला यवतमाळला गेली आणि जाताना आपला जुना मोबाईल आईला देऊन गेली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, एवढाच त्याचा उपयोग ठरला होता. पण नलू तो वावरातही न्यायला लागली.

मारेगाव तालुक्यातल्या आपल्या गावात ती रोजानं निंदणाला, तण काढायला जायची, बहुतेक वेळा रामरावांच्या वावरात. दुपारी बाया भाकर खाऊन धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या निंबाखाली घंटाभर आडव्या व्हायच्या. नलूला दिवसा कधीच झोप यायची नाही. त्या रिकाम्या वेळात तिला फोटो सापडले.

पहिला फोटो बैलाचा. मान सगळी जमिनीवर टाकून, जिभेचं टोक बाहेर काढून झोपलेला. मग बकरीच्या पोटाला टेकलेलं कुत्र्याचं पिल्लू. मग बाया. जाग्या बायांपुढे मोबाईल धरला की त्या पदर सावरून, ओठ मिटून, आधार कार्डासाठी बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. झोपेत तसं नसायचं. कपाळावरच्या आठ्या निघून जायच्या. तांड्यावरची बिजलीबाई दिवसभर सगळ्यांवर ओरडायची, पण झोपेत ती दोन्ही हात गालाखाली घेऊन हसायची.

"झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नाई. आयुष्य कमी होते," उठल्यावर ती नलूवर डाफरली.

नलूनं मोबाईल तिच्यापुढे धरला. "नको असन तं तुह्यासमोर पुसून टाकतो."

बिजलीबाईनं बराच वेळ पाहिलं. "हे मी हाव?"

"तूच."

"राहू दे मंग."

तेव्हापासून नलूनं नियमच केला. फोटो काढायचा, उठल्यावर आधी त्याच माणसाला दाखवायचा, नको म्हटलं की पुसायचा. पण एकदा ती चुकली. निंबाखाली सहा बाया, त्यांच्या पायथ्याशी कुत्रा आणि मागे बैलजोडी, सगळेच्या सगळे झोपलेले, असा एक फोटो तिला भलताच साधला. आनंदाच्या भरात कोणालाही न विचारता तिनं तो पायलला पाठवला. पायलनं कौतुकानं स्टेटसला ठेवला. तिथून तो गावातल्या कोणीतरी घेतला आणि तिसऱ्या दिवशी रामरावांच्या मोबाईलवर पोचला.

रामराव दुपारीच गाडी घेऊन धुऱ्यावर आले. साठीचे, शब्दाला पक्के, पण तापट. त्यांनी मोबाईल वर धरला.

"हे माह्यंच वावर हाय ना? मी रोज कामाचा देतो का झोपेचा? उद्यापासून भाकर खाल्ली का उठाचं. जे आडवी होईन तिनं दुसऱ्या दिवशी येऊ नाई."

गाडी दिसेनाशी झाल्यावर बिजलीबाई नलूकडे वळली. "तुह्या मोबाईलनं आमची झोप खाल्ली वं नलू."

दुसऱ्या दिवसापासून बाया तिच्यापासून दूर बसून भाकर खाऊ लागल्या. संध्याकाळी पायल कॉलवर रडली. "आई, मी काढून टाकला तो फोटो."

"आता काढून काय होते? तुही चूक नाई. मीच त्याइले विचारलं नाई," नलू म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

पाऊस उघडलेला होता, ऊन चटचट लागत होतं. झोप बंद होऊन चौथा दिवस. दुपारी चारच्या सुमारास नलूनं गवताची मूठ धरून विळा ओढला आणि हातात गवतासोबत पऱ्हाटीचं, कपाशीचं झाड आलं. गुडघ्याएवढं, चांगलं पोसलेलं. तिनं मागे वळून आपली ओळ पाहिली. अशी आणखी झाडं पडलेली होती. डोळे मिटत होते आणि हात आपोआप चालत होता. शेजारच्या ओळीतही तेच झालं असणार. बाया कापलेली झाडं गवताच्या ढिगाखाली सरकवत होत्या, हे तिच्या ध्यानात आलं.

तिनं मोबाईल काढला. सकाळी निंदलेली आपली ओळ, मग दुपारची आपली ओळ, असे फोटो तिनं तीन दिवस काढले. बाकीच्यांच्या ओळींचा एकही फोटो तिनं घेतला नाही.

बाजाराच्या दिवशी काम बंद असतं. त्या दुपारी ती रामरावांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत ओसरीवर रामराव बाजेवर उताणे झोपले होते. तोंड उघडं, छातीवर पेपर, आणि पोटावर मांजर. श्वासासोबत मांजर वर जायची, खाली यायची, पण तिची झोप काही मोडत नव्हती.

"जेवले का दोन घंटे काई पत्ता नसते," बेबीताई कुजबुजल्या.

नलूचा हात मोबाईलकडे गेला. "काकू, काढू?"

बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. "काढ, काढ."

फोटो काढल्याच्या आवाजानं रामराव जागे झाले. मांजर उडी मारून पळाली. समोर नलूला पाहून ते खेकसले, "तू इथी काहून? आन माह्या फोटो काढून राह्यली?"

"पाहा काकाजी. नको असन तं आत्ताच पुसतो."

रामरावांनी चष्मा लावला. मोबाईल लांब धरला, मग जवळ आणला. रागानं फुगलेला चेहरा हळूहळू सैल पडला.

"मी झोपलो तं असा दिसतो?"

"सारेच असे दिसतात, काकाजी."

"आन हे मांजर कव्हा येऊन बसलं?"

नलूनं पुढचा फोटो उघडून दाखवला. "आता हे पाहा. हे सकाळची ओळ. हे त्याच दिवशी चार वाजताची. दोन्ही माह्याच. सात झाडं कापले मी. चांगले झाडं. डोये उघडे राहत नोहते."

रामराव उठून बसले. "पह्यले होत होतं असं?"

"दिवसभरात एखांदं. झोपून उठलं का हात बरोबर चालते."

"बाकीच्या बायाइचं काय?"

"त्याइचं त्याइले विचारा. मी माह्यं सांगाले आली. माह्यावर राग धरा, पण त्याइचा घंटा त्याइले वापस द्या."

नजर तिनं खाली घातली नाही. बेबीताई मागून बोलल्या, "तुमी पंख्याखाली दोन घंटे झोपता. त्या उनाच्या एक घंटा झोपल्या तं काय बिघडलं?"

रामरावांनी चपला घातल्या आणि वावराची वाट धरली. त्या संध्याकाळी लोकांनी त्यांना एकट्याला पऱ्हाटीच्या ओळींतून वाकून वाकून चालताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायांच्या आधी धुऱ्यावर हजर होते. घसा खाकरून म्हणाले, "भाकर खाऊन एक घंटा झोपाचं. पुरा एक घंटा. मंग झाडाले हात लागता कामा नाई." गाडीला किक मारून ते थांबले. "नलू, तो माह्या फोटो..."

"पुसू?"

"राहू दे. मांजर मस्त आलं त्याच्यात."

गाडी वळली आणि बायांनी असा गलका केला की निंबावरचे पक्षी उडाले. बिजलीबाईनं विळा टाकून नलूला कमरेतून उचललं. "बाप्पा! एकटी गेलती तू त्याइच्या घरी? अन् आमाले सांगतलं बी नाई?" दुपारी तिनं नलूला आपल्याशेजारी बसवलं आणि आपल्या फडक्यातला ठेचा तिच्या भाकरीवर वाढला.

पुढच्या महिन्यात यवतमाळच्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळानं स्पर्धा ठेवली. पायलला त्याची जाहिरात दिसली. या वेळी नलूनं आधी प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारलं. रामरावांनाही विचारलं. सहा फोटो गेले. पंधरा दिवसांनी पायलचा फोन आला तेव्हा नलू पाणी भरत होती. हंडा तसाच वाहू लागला आणि ती नुसती ऐकत राहिली. पहिला नंबर.

बक्षिसाच्या दिवशी सातजणी एसटीनं यवतमाळला गेल्या. हॉलच्या भिंतीवर त्यांचे फोटो खिडकीएवढे मोठे करून लावले होते. बिजलीबाई आपल्या फोटोशेजारी जी उभी राहिली ती हललीच नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "हे मीच हाव. दुपारची वेळ होती." रामरावांच्या फोटोपुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. लोक हसत होते आणि पुन्हा मागे येऊन पाहत होते.

स्टेजवर परीक्षकांनी नलूला विचारलं, "कॅमेरा कोणता वापरता?"

"लेकीचा जुना मोबाईल. काच फुटली हाय त्याची."

हॉल हसला. "आणि झोपलेलीच माणसं का?"

नलूनं भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. "जागे असले का सारे कामात असतात, साहेब. एकदुसऱ्याकडं पाहाले फुरसत नाई. झोपले का दिसते, किती देखणे हायत."

पहिल्या रांगेत पायल उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मागून सहाजणींनी "नलू! नलू!" असा आवाज दिला. बाहेरचा चौकीदारही दारात येऊन पाहू लागला. नलूनं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि टाळ्या थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं.